ब्लँकेटं राहू द्या, आधी सही करा : आमच्या बांधकाम व्यावसायिकांच्या क्लबला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
बांधकाम व्यावसायिकांचा आपला क्लब, पुणे.

सप्रेम नमस्कार.

क्लबचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला कळलेलं आहेच. ज्यांचा क्लब वेगळा आहे, त्यांनाही यातलं बरंचसं घरचंच वाटेल अशी मला शंका आहे.

मी आपला अकरा वर्षांचा सभासद. आरसीसीची, म्हणजे सळई-काँक्रीटच्या कामाची, लेबर कंत्राटं घेतो, त्याआधी बारा वर्षं साइट इंजिनिअर म्हणून नोकरी केली. तीन वर्षं आपल्या सामाजिक उपक्रम समितीवर होतो. त्यामुळे खाली ज्या कार्यक्रमांबद्दल तक्रार करतोय, त्यांतल्या निम्म्या फोटोंत मीही उभा आहे, बहुधा डावीकडून तिसरा. बाहेरच्या माणसाने केलेली टीका म्हणून हे बाजूला सारता येणार नाही, एवढ्यासाठी हे आधीच सांगून टाकतो.

निमित्त गेल्या महिन्यातल्या ठरावाचं; सहीचं, म्हणजे मजुरांच्या नोंदणीला लागणाऱ्या दाखल्याचं, पुढे येईलच. दोन लेबर कॅम्पांवर क्लबच्या पैशांतून चालणारी पाळणाघरं बंद करायची आणि तो निधी यंदाच्या चॅरिटी क्रिकेट नाइटकडे व हिवाळ्यातल्या ब्लँकेट वाटपाकडे वळवायचा, असं ठरलं. इतिवृत्तात कारण लिहिलंय, ‘उपक्रमाची दृश्यमानता कमी.’ बैठकीत मी हात वर केला तर ‘लेखी द्या’ म्हणालात. लेखी दिलं. उत्तरात आभाराचं पत्र आलं आणि सोबत क्रिकेट नाइटचे दोन पास. आता सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी जे चांगलं ते बोलतो, कारण ते खरं आहे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा याच क्लबने तीन ठिकाणी चुली पेटवल्या होत्या. आपले सध्याचे सचिव तेव्हा स्वतः टेम्पोत बसून, नाक्यानाक्यावर पोलिसांना पास दाखवत वाघोली आणि मामुर्डीच्या कॅम्पवर जेवण पोचवत होते. एके दिवशी खिचडी अळणी झाली म्हणून मजुरांची बोलणीही त्यांनी खाल्ली. त्या दीड महिन्याचा एकही धड फोटो क्लबकडे नाही. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, तेव्हा आपण आपापल्या साइटवरचे पाणी उपसायचे पंप काढून तिकडे धाडले, चालवायला माणसांसकट. लोकांना काय हवंय ते विचारलं आणि आपल्याकडे होतं ते दिलं. त्या क्लबचा सभासद म्हणवून घ्यायला मला आवडायचं.

आता गेल्या डिसेंबरातल्या ब्लँकेट वाटपाकडे येऊ.

रविवार होता. तीन साइटवरची मिळून शंभरेक माणसं दुपारी तीनलाच टेम्पोत बसवून हॉलच्या मागच्या मोकळ्या जागेत आणून बसवली. प्रमुख पाहुणे पावणेसातला आले. ज्याने कधी साइट चालवली आहे त्याला रविवार म्हणजे काय हे सांगायला नको. अर्धा दिवस काम, दुपारी आठवड्याची खर्ची हातात, आणि संध्याकाळी बाजार. तेल, पीठ, पोराची चप्पल, गावाकडे पैसे, सगळं त्या तीन-चार तासांत उरकायचं असतं. ते तीन-चार तास आपण घेतले. स्टेजवर दहा जणांना पाहुण्यांच्या हस्ते ब्लँकेट मिळालं, बाकीच्यांना टेम्पोच्या फाळक्यावरून. माझ्याकडची एक बिगारी बाई ब्लँकेट काखेत मारून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “सायेब, आजची हजेरी पुरी लागंल न्हवं?” मी हसून वेळ मारून नेली. तिचा अर्धा दिवस कापला गेला, हे मला मंगळवारी मस्टर, म्हणजे हजेरीपट, बघताना कळलं. ब्लँकेटवर एका कोपऱ्यात क्लबचं बोधचिन्ह आणि दुसऱ्या कोपऱ्यात प्रायोजकांची नावं छापली होती. जाडीपेक्षा छपाई भारी होती. महिन्याभराने माझ्याच साइटवर एका कॉलमला गोणपाटाऐवजी तेच ब्लँकेट गुंडाळलेलं दिसलं. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, “पत्र्याच्या खोलीत यानं थंडी भागत नाही साहेब, कॉलमला तरी होईल.” पाणी बऱ्यापैकी धरत होतं, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) चांगलं झालं, हे मात्र कबूल करायला हवं.

दुसरी गोष्ट १ मे ची. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्र साधून आपण रक्तदान शिबिर घेतो. शिबिर चांगलंच आहे, उन्हाळ्यात रक्तपेढ्यांना तुटवडा पडतो. पण बाटल्यांचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा जास्त व्हायलाच हवा असं एकदा ठरलं, की सभासद कमी पडले तर मुकादमांना फोन जातात आणि साइटवरून माणसं उतरवली जातात. रक्त द्यायला वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. मागच्या शिबिरात माझ्याकडून गेलेल्यांतले निम्म्याहून अधिक परत पाठवले गेले. यादगीरकडचा एक पोरगा, बावीस वर्षांचा, दिवसभर सळया वाहणारा, त्याचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं. सुई टोचली नाही आणि केळं-बिस्किट तर मिळालं, म्हणून तो खूश. त्याच्या नावाची चिठ्ठी टेबलाखालच्या टोपलीत गेली. म्हणजे त्या दिवशी आपल्या हातात मजुरांची आयती रक्ततपासणी होती, कुणाच्या अंगात किती रक्त कमी आहे याची नावानिशी यादी होती, आणि स्टेजवरून आपण फक्त बाटल्यांचा आकडा वाचून दाखवला. त्या चिठ्ठ्या उचलायला मीसुद्धा गेलो नाही.

पाळणाघरांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ठराव त्यांच्यावर आहे.

बांधकामावरच्या मुलांसाठी पाळणाघर ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजुरांची मुलं धुळीत पडलेली पाहिली आणि तिथल्या तिथे तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. पुढे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने साइटवर ५० पेक्षा जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं. पण आज एका साइटवर पन्नास बाया कुठून येणार? तयार काँक्रीटचा (आरएमसीचा) पंप आला, टॉवर क्रेन आली आणि घमेल्यांची ती लांबच लांब रांग गेली. बाया दहा-पंधरा उरल्या. मुलं मात्र बापाबरोबर येतातच, कारण गावाकडे ठेवायला कुणी नसतं. त्या जुन्या कायद्याच्या आकड्यात न बसणारी ही मुलं आपल्या पाळणाघरांत बसत होती. आपल्या नेहमीच्या उपक्रमांत खरी गरज हेरून केलेला उपक्रम हा एकच होता असं माझं मत आहे. कुणाला ते पटणार नाही, चालेल.

मी दुसऱ्या पाळणाघराच्या शेवटच्या दिवशी गेलो होतो. पत्र्याची खोली, खाली जुना प्लाय. टाइल्सच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर ताईंनी मुळाक्षरं काढलेली. ‘ट’ समोर टाइल्सच, कारण चित्र आधीच छापलेलं होतं. एका भिंतीला शटरिंगचा प्लाय उभा केला होता आणि त्यावर पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या खुणा, नावं, तारखा. ताई वजनकाटा पिशवीत भरत होत्या. एक मुलगी दारातच उभी राहून “उद्या?” एवढंच विचारत होती, आणि ताई तिला कानडीत काहीतरी सांगत होत्या ते मला कळलं नाही. चार दिवसांनी तो प्लाय सेंटरिंगवाल्यांनी, म्हणजे स्लॅबचे साचे ठोकणाऱ्यांनी, स्लॅबखाली वापरला. महिन्याला दोन ताईंचं मानधन, दूध, अंडी, गूळ-शेंगदाणे आणि वरखर्च, एवढाच या पाळणाघराचा हिशेब होता. क्रिकेट नाइटला मैदानात जी एलईडी भिंत लावतात, तिच्या एका रात्रीच्या भाड्यात दोन्ही पाळणाघरं काही महिने चालली असती. हे मी अंदाजाने म्हणत नाही, दोन्ही कोटेशनं समितीवर असताना माझ्याच टेबलावरून गेली आहेत.

हिशेबाचं एवढंच, की कार्यक्रमावर किती खर्च झाला आणि त्यातून गरजूंपर्यंत किती पोचलं, हे दोन आकडे आपण कधीही एका पानावर छापत नाही. फ्लेक्सवरचा मोठा धनादेश तेवढा छापतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो तिथे येतो. इथे मला आधी माझंच सांगावं लागेल.

माझ्याकडे देगलूर तालुक्यातला एक फिटर, म्हणजे सळया बांधणारा, होता. चार सीझन माझ्याकडे. बीमची जाळी बांधताना त्याला ड्रॉइंग दोनदा दाखवावं लागायचं नाही. एकदा तो ९० दिवसांच्या दाखल्याचा कागद घेऊन आला. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला लागतो तो. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलं, असं मालकाने किंवा कंत्राटदाराने लिहून द्यायचं. जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का. मी स्लॅबवर होतो, म्हटलं नंतर ये. महिन्याभराने पुन्हा आला. घामाने भिजू नये म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हेल्मेटच्या आतल्या पट्ट्यांत खोचून ठेवला होता. तो त्याने काढला, उलगडला, पत्र्याच्या टेबलावर हाताने सपाट केला. मी वाचला. सही केली तर हा माणूस माझ्याकडे होता हे माझ्याच हाताने लिहून दिल्यासारखं होईल, उद्या पीएफवाले विचारतील, हा विचार माझ्या डोक्यात आला. “पुढच्या महिन्यात बघू,” म्हणालो. त्याने घडी घालून कागद परत हेल्मेटमध्ये ठेवला.

दसऱ्याला तो गावी गेला. तिथे कावीळ झाली आणि आठ-दहा दिवसांत गेला. कामावरचा अपघात नव्हता, त्यामुळे कामावरच्या अपघाताची भरपाई देणाऱ्या माझ्या डब्ल्यूसी पॉलिसीचा काही उपयोग नाही. बायको भावाला घेऊन राहिलेली हजेरी न्यायला आली. मी हजेरी दिली, वर स्वतःचे २०,००० रुपये दिले. पैसे मोजून झाल्यावर तिने विचारलं, “ते कागद करून देतो म्हनले होते ना तुम्ही त्यास्नी?” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त तो कागद कुठे आहे हे जाणून घ्यायचं होतं, कुणीतरी गावात सांगितलं असणार.

नोंदणी झालेली असती तर नैसर्गिक मृत्यूलाही वारसाला २ लाख रुपये मिळतात. विधवेला वर्षाला २४,००० रुपये, पाच वर्षं. पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीला ५,००० रुपये शिष्यवृत्ती. त्याला दोन मुलं होती. मी सही न करून त्या घराचे तीन लाखांच्या वर पैसे बुडवले आणि २०,००० देऊन मोकळा झालो. पुढचं तुम्हाला आठवत असेल. त्या वीस हजारांची बातमी समितीपर्यंत गेली आणि वार्षिक स्नेहसंमेलनात आपण शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केलात. मी तो घेतला. नारळ घरी कुणी फोडला नाही, बरेच दिवस देव्हाऱ्याशेजारी होता, नंतर आईने काय केलं माहीत नाही.

अध्यक्षसाहेब, या मंडळाचे पैसे सरकारने आभाळातून आणलेले नाहीत. ते आपणच भरतो. १९९६ च्या उपकर कायद्याने बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर लावला. दहा कोटींच्या कामाला दहा लाख, बांधकाम परवानगी घेताना महापालिकेतच भरून यावे लागतात. आता ते जुने कायदे नव्या कामगार संहितांत गेले असले तरी उपकर काही सुटलेला नाही. म्हणजे आपल्या मजुरासाठीचे पैसे आपण आधीच भरून बसलोय. ते त्याच्यापर्यंत जायला नोंदणी लागते, नोंदणीची फी १ रुपया आहे, आणि तिला लागणारा जो कागद आपण सहज देऊ शकतो, तो आपण देत नाही. ग्रामसेवक किंवा पालिकेकडूनही दाखला मिळू शकतो म्हणे, पण परराज्यातून आलेल्या माणसाला वॉर्ड ऑफिसात कोण उभं करतं? सर्वोच्च न्यायालयात १९ मार्च २०१८ ला न्या. लोकूर आणि न्या. गुप्ता यांच्या खंडपीठाने याच विषयावर निकाल दिला. तेव्हा देशभरात ३७,४०० कोटींहून जास्त उपकर जमा होता आणि खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. त्यांतलेही काही लॅपटॉप आणि वॉशिंग मशिनांवर. सरकारी मंडळांनी काय केलं त्याचा जाब त्यांना न्यायालयाने विचारला. आपल्या वाट्याचा जाब आपल्याला कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारतोय.

बिल्डर म्हणतो, दाखला कंत्राटदाराने द्यायचा. कंत्राटदार म्हणतो, माणसं मुकादमाची आहेत. मुकादमाकडे शिक्का नसतो. तिघांच्या मधून मजूर एजंटाकडे जातो. माझ्याच एका सेंटरिंगवाल्याने एजंटाला अडीच हजार मोजले आणि त्याच्या दाखल्यावर ज्या कंत्राटदाराचा शिक्का आहे, त्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही. बोगस नोंदण्या झाल्या, ज्यांनी कधी थापी धरली नाही ते मंडळाकडून मिळणारा भांड्यांचा संच घेऊन गेले, म्हणून आपण क्लबमध्ये चहाबरोबर हळहळतो. पण खरे दाखले खऱ्या साइटवर मिळत नाहीत म्हणूनच हा बाजार भरला, आणि त्याला जागा आपण दिली. पीएफची, ईएसआयची, चौकशीची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मला ती वाटली म्हणूनच तो कागद हेल्मेटमध्ये परत गेला. पण तो माणूस माझ्याकडे कामाला होता ही गोष्ट खरी होती. खरं लिहून द्यायला भीती वाटत असेल तर दुरुस्ती आपल्या मस्टरमध्ये करायला हवी.

२०२० च्या टाळेबंदीत मंडळाने नोंदणी असलेल्या कामगारांच्या खात्यात आधी २,००० रुपये टाकले. आपण खिचडी वाटत होतो त्या रांगांत मी विचारत फिरलो, कुणाकुणाला आले. हात फार थोडे वर आले. आपण तेव्हा मनापासून राबलो, तरी ती रांग तेवढी लांब का होती, याचं अर्धं उत्तर आपल्याच ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या शिक्क्यात होतं.

आणखी एक, माझ्या धंद्याच्या अंगाने. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ जण झोपेत गेले, त्यांत लहान मुलंही होती. तीनच दिवसांत आंबेगावात तसंच झालं, तिथे सहा गेले. भिंतीमागे माती, मातीत पावसाचं पाणी, पाणी निघायला छिद्रं नाहीत किंवा बुजलेली, आणि भिंतीच्या पायथ्याशी जागा मोकळी आहे म्हणून लेबर कॅम्प. हे गणित आपल्यातल्या कुठल्याही स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाच मिनिटांत दिसतं. क्लबमध्ये असे इंजिनिअर डझनाने आहेत. मे महिन्यात चार रविवार फिरून सभासदांच्या साइटवरचे कॅम्प कुठल्या भिंतीला टेकलेत ते बघायचं आणि जिथे धोका आहे तिथून हलवायला लावायचं, हा उपक्रम मी समितीत दोनदा मांडला. एकदा वेळ नव्हता. दुसऱ्यांदा सांगण्यात आलं की यातून ‘उगाच नकारात्मक संदेश जाईल.’ त्याच पावसाळ्यात आपण वृक्षारोपण मात्र केलं. रोपं कुठे आहेत तेही कुणीतरी एकदा बघून यावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पाळणाघरांचा ठराव मागे घ्या आणि त्यांना किमान दोन वर्षांचा निधी एकदम बांधून द्या. दर बैठकीत ताईंच्या मानधनावर चर्चा नको.

क्लबच्या प्रत्येक सभासदाने, बिल्डर असो की कंत्राटदार, महिन्यातून एक दिवस आपल्या साइटवर नोंदणीचं टेबल लावावं. ९० दिवस भरलेल्या प्रत्येकाला दाखला द्यावा, आणि नूतनीकरण दरवर्षी लागतं, त्याचीही आठवण ठेवावी. ज्याला दाखल्याची भीती वाटते त्याच्यासाठी क्लबने आपल्याच सभासदांतला एखादा कामगार सल्लागार बसवावा. क्रिकेट नाइटच्या निवेदकापेक्षा तो स्वस्त पडेल. पुढच्या वर्षीच्या अहवालात ब्लँकेटांच्या आकड्याजागी किती जणांची नोंदणी झाली तो आकडा छापा, सभासदागणिक, नावासकट. माझा छोटा असेल तर तोही छापा.

कार्यक्रमासाठी मजुरांना बोलवायचं असेल तर त्यांच्या रविवारी नको, आणि कामाच्या वेळेत बोलावलं तर हजेरी पूर्ण. हातात वस्तू घेतानाचा फोटो नको, मुलांचा तर मुळीच नको. ब्लँकेटं द्यायचीच असतील तर जाड द्या आणि कॅम्पवर मुकादमाकडे पोचती करा. स्टेज लागत नाही.

रक्तदानाला सभासदांनी आणि ऑफिसमधल्यांनी जावं. साइटवरच्या माणसांची तपासणी वेगळी ठेवा, आणि ज्याचं रक्त कमी निघेल त्याला गोळ्या आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी.

मे महिन्यातली भिंतींची पाहणी यंदापासून सुरू करा. मी पहिला रविवार घेतो.

क्रिकेट नाइट बंद करा असं मी म्हणत नाही. मला क्रिकेट आवडतं, सिमेंट-स्टीलच्या कंपन्यांना त्यातून जे मिळवायचं ते मिळवू द्या, आपल्यालाही वर्षातून एक रात्र हसायला-बोलायला हवी. फक्त तिच्या नावातला ‘चॅरिटी’ शब्द काढा, किंवा मग दोन्ही आकडे एका पानावर छापा.

तुमच्या उत्तराची वाट बघणारच आहे. तोवर येत्या रविवारी, खर्चीच्या दिवशी, सकाळी दहापासून माझ्या साइटवर टेबल मांडतोय. शिक्का, जावक रजिस्टर, तीन महिन्यांची मस्टरं, झेरॉक्स काढून आणायला एक पोरगा आणि चहा. खर्ची त्याच टेबलावर वाटणार आहे, म्हणजे कुणी चुकणार नाही, आणि दोन वाजेपर्यंत सगळे बाजाराला मोकळे. कार्यकारिणीतलं कुणी आलं तर खुर्च्या आहेत. फोटोग्राफर आणू नये.

क्रिकेट नाइटचे दोन पास मूळ प्रतीसोबत परत पाठवत आहे.

आपला,
अकरा वर्षांचा सभासद आणि सामाजिक उपक्रम समितीचा माजी सदस्य